हिरव्या पानाचा दर कोण ठरवतो? लहान चहा उत्पादक आणि जशपूरपुढील प्रश्न

भिलाई, छत्तीसगढ : भिलाई पोलाद कारखान्याच्या वसाहतीतील सेक्टर १० मध्ये सकाळची पाळी सुरू होण्यापूर्वीच घरोघरी चहाचे आधण चढलेले असते. विदर्भातून येऊन येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतही दिवसाची सुरुवात याहून वेगळी नसते. या वसाहतीत पगाराची भाषा सर्वांना समजते. पोलाद कामगारांच्या वेतनाची बोलणी राष्ट्रीय पातळीवरील संयुक्त समितीत होतात, करार होतो आणि त्याची मुदतही ठरलेली असते. कपातल्या चहाच्या पत्तीचे तसे नाही. पाकिटावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. मात्र ते पान पिकवणाऱ्याच्या हाती त्यातले किती पडले, याचा उल्लेख त्यावर कोठेही नसतो.

आजवर हा प्रश्न आसाम, उत्तर बंगाल वा निलगिरीचा मानला जात असे. आता तो छत्तीसगढच्या उंबरठ्यावर आला आहे. राज्याच्या ईशान्य टोकाला, झारखंडच्या सीमेलगत असलेल्या जशपूर जिल्ह्यात चहाची लागवड रुजली आहे आणि ती वाढवण्याचे धोरण राज्याने २०२१ मध्ये जाहीर केले. चहाचे झुडूप एकदा लावले की पुरेशा खुडणीसाठी तीन ते चार वर्षे थांबावे लागते आणि त्यानंतर ते अर्धशतकाहून अधिक काळ उभे राहते. भात किंवा टोमॅटोप्रमाणे पुढच्या हंगामात पीक बदलण्याची मुभा येथे नाही. त्यामुळे पानाला दर कसा मिळणार, हे लागवडीनंतर नव्हे, लागवडीपूर्वी ठरायला हवे.

देशातील अन्य चहाक्षेत्रांचा अनुभव सांगतो की, दर किती, एवढ्यापुरता हा प्रश्न मर्यादित नाही. चांगल्या पानाला निकस पानापेक्षा अधिक पैसे मिळतात की नाही, हा त्याचा गाभा आहे.

लहान उत्पादक म्हणजे कोण

चहा मंडळाच्या व्याख्येनुसार १०.१२ हेक्टरपर्यंत, म्हणजे २५ एकरांपर्यंत चहाची लागवड असलेला शेतकरी हा लहान चहा उत्पादक होय. प्रत्यक्षात बहुसंख्य उत्पादकांकडे याच्या कितीतरी कमी, एक-दोन एकरांचे क्षेत्र असते. देशात अशा उत्पादकांची संख्या दोन लाखांहून अधिक आहे.

ब्रिटिश काळापासून चहा म्हटले की शेकडो एकरांचा मळा, त्यातच असलेला कारखाना आणि मजुरांच्या वसाहती असे चित्र डोळ्यांपुढे येते. ते आता अपुरे ठरले आहे. आसाममध्ये १९७८ च्या सुमारास, सोनेश्वर बोरा कृषिमंत्री असताना, सामान्य शेतकऱ्यांनी चहा लावावा यासाठी प्रोत्साहन देण्यात आले. पुढील दशकांत उत्तर बंगाल आणि बिहारमधील किशनगंज येथेही लहान शेतकरी या पिकाकडे वळले. निलगिरीत बडगा समाजातील शेतकऱ्यांची चहाशेती त्याआधीपासूनची. आज देशाच्या एकूण उत्पादनात लहान उत्पादकांचा वाटा निम्म्याहून अधिक आहे. २०२३ मध्ये भारतात सुमारे १३९ कोटी किलो चहा तयार झाला. २०२४ मध्ये हवामानाच्या फटक्यामुळे उत्पादन सुमारे १२८ कोटी किलोपर्यंत घसरले.

मोठा मळा आणि लहान शेतकरी यांच्यात क्षेत्रफळापेक्षाही मोठा एक फरक आहे. मळेवाला तयार चहा विकतो. लहान शेतकरी हिरवे पान विकतो. दराची सारी गुंतागुंत या एका फरकातून सुरू होते.

पान थांबत नाही

खुडलेले पान काही तासांत कारखान्यात पोहोचावे लागते. उशीर झाला, पोत्यांत दाबले गेले किंवा उन्हात तापले की ते लालसर पडते आणि त्यापासून चांगला चहा होत नाही. कांदा चाळीत ठेवता येतो, सोयाबीन गोदामात ठेवून भाव वाढण्याची वाट पाहता येते. चहाच्या पानाबाबत शेतकऱ्याला ‘आज विकत नाही’ असे म्हणण्याची सोयच नाही. हंगामात दर सात-आठ दिवसांनी खुडणी करावीच लागते. ती टाळली तर कोंब वाढून पाने जून होतात आणि पुढील फेरीही बिघडते.

पान घेणारे कारखाने ‘बॉट लीफ फॅक्टरी’ म्हणून ओळखले जातात. त्यांचे स्वतःचे मळे नसतात किंवा अगदी थोडे असतात. शेतकऱ्यांकडून पान विकत घेऊन ते चहा तयार करतात. अनेक ठिकाणी शेतकरी आणि कारखाना यांच्यामध्ये पान गोळा करणारा एजंट असतो. तो वाहन आणतो, वजन करतो, पाण्याचा अंश किंवा जून पाने यांपोटी काही किलो वजा करतो आणि पैसे देतो. दहा शेतकऱ्यांचे पान एकाच वाहनात एकत्र झाले की कोणाचे पान कोवळे होते आणि कोणाचे राठ, हे कारखान्याच्या दारात कळत नाही. चांगल्या पानाची ओळख तेथेच पुसली जाते.

दर ठरतो कसा

चहाच्या हिरव्या पानाला केंद्राची किमान आधारभूत किंमत लागू नाही. त्याऐवजी चहा कायदा, १९५३ अंतर्गत काढलेल्या चहा (विपणन) नियंत्रण आदेश, २००३ मध्ये वाटणीचे तत्त्व स्वीकारले आहे. तयार चहाला मिळालेल्या किमतीतील ठरावीक हिस्सा पान पुरवणाऱ्याला द्यावा, असे हे तत्त्व सांगते. चहा मंडळ हे सूत्र वेळोवेळी अधिसूचित करते. सुरुवातीच्या सूत्रात शेतकऱ्याचा वाटा ६० टक्के आणि कारखान्याचा ४० टक्के असे प्रमाण होते. पुढे प्रदेशानुसार त्यात बदल झाले. जिल्हा पातळीवर हिरव्या पानाच्या दरावर देखरेख ठेवणाऱ्या समित्यांची तरतूद आहे आणि सूत्र न पाळणाऱ्या कारखान्याची नोंदणी निलंबित वा रद्द करण्याचा अधिकार मंडळाला आहे.

हे सूत्र समजून घेण्यासाठी एक ढोबळ उदाहरण घेता येईल. एक किलो तयार चहासाठी साधारण साडेचार किलो हिरवे पान लागते. समजा, परिसरातील चहाला लिलावात सरासरी २०० रुपये किलो दर मिळाला आणि शेतकऱ्याचा वाटा ६० टक्के आहे. मग किलोमागे १२० रुपये शेतकऱ्यांचे झाले. ते साडेचार किलो पानात विभागले असता हिरव्या पानाला किलोमागे सुमारे २६ रुपये ६७ पैसे मिळायला हवेत. लिलावाचा दर १६० रुपयांवर आला तर हाच आकडा सुमारे २१ रुपये ३३ पैसे होतो.

सूत्र सरळ आहे. अडचण आधारभूत आकड्यात आहे. कोलकात्यात १८६१ पासून आणि गुवाहाटीत १९७० पासून चहाचे सार्वजनिक लिलाव होत आहेत. तेथील दर नोंदले जातात आणि ते सर्वांना पाहता येतात. मात्र बराच चहा लिलावाबाहेर, कारखाना आणि व्यापारी यांच्यातील थेट व्यवहारात विकला जातो. त्या व्यवहाराचा खरा दर शेतकऱ्याला समजण्याचा मार्ग नाही. यासाठीच किमान निम्मा चहा लिलावातून विकण्याचे बंधन घालण्यात आले आणि १ एप्रिल २०२४ पासून ‘डस्ट’ प्रतीचा, म्हणजे भुकटी चहाचा, संपूर्ण माल लिलावातूनच विकण्याची अट अधिसूचित झाली. लिलावात अधिक माल आला की किंमत खुली होते आणि वाटणीचे सूत्र खऱ्या आकड्यावर चालते, अशी यामागील भूमिका आहे. लिलावातील खरेदीदार मोजकेच असल्याने तेथेही खरी स्पर्धा होत नाही, असे आक्षेप उत्पादक घेत आले आहेत.

सरासरीचा तोटा चांगल्या शेतकऱ्याला

उत्तम चहासाठी ‘दोन पाने आणि एक कळी’ एवढाच कोवळा कोंब खुडावा लागतो. त्याखालचे तिसरे-चौथे पान घेतले की वजन वाढते, पण चव आणि रंग उतरतो. कोवळे खुडायचे तर हात सावकाश चालतो.

याचाही हिशेब मांडून पाहता येईल. समजा, मजुरी दिवसाला ३०० रुपये आहे. सरसकट खुडणाऱ्या व्यक्तीच्या टोपलीत दिवसाअखेर २५ किलो पान जमते, तर निवडून खुडणाऱ्याच्या टोपलीत १८ किलो. पहिल्या पानाचा खुडणीखर्च किलोमागे १२ रुपये, दुसऱ्याचा सुमारे १६ रुपये ६७ पैसे. म्हणजे दर्जा राखण्यासाठी शेतकऱ्याला किलोमागे पावणेपाच रुपयांच्या आसपास जादा खर्च येतो; शिवाय एकूण वजन घटते ते वेगळेच.

आता वरील सूत्राकडे परत यावे लागते. कोवळ्या पानापासून झालेला चहा २०० ऐवजी २४० रुपयांना विकला गेला, असे मानू. सूत्र प्रत्यक्ष किमतीला लावले तर त्या पानाला ३२ रुपये मिळतील. म्हणजे सरासरी दरापेक्षा पाच रुपये ३३ पैसे अधिक. जादा खर्च भरून निघेल आणि थोडे उरेलही. पण पैसे जिल्ह्याच्या सरासरीने दिले गेले, तर शेतकऱ्याला २६ रुपये ६७ पैसेच मिळतात आणि तयार चहाच्या किलोमागे वाढलेले ४० रुपये पूर्णपणे कारखान्याकडे राहतात. अशा व्यवस्थेत सरसकट खुडणे हा शेतकऱ्याचा आळस ठरत नाही. तो त्याचा साधा व्यवहार ठरतो.

यातूनच दोन्ही बाजूंची नेहमीची तक्रार उभी राहते. कारखानदार म्हणतात, पानात दर्जा नाही, म्हणून दर नाही. शेतकरी म्हणतात, दर नाही, म्हणून दर्जा परवडत नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि चक्र सुटत नाही. दरम्यान बाजारात निकस चहाचा साठा वाढतो आणि तो सगळ्यांचाच दर खाली ओढतो.

उसाचा मार्ग की दुधाचा

मराठी वाचकाला हा पेच अनोळखी नाही. ऊस आणि दूध ही दोन्ही तशीच नाशवंत. दोन्ही लवकर प्रक्रियेस जावी लागतात आणि दोन्हीत शेतकरी एका ठरावीक खरेदीदाराशी बांधलेला असतो.

उसासाठी १९६६ च्या नियंत्रण आदेशाखाली रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, केंद्र सरकार जाहीर करते. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये असा तो आहे आणि उतारा वाढला की दर वाढतो. पैसे १४ दिवसांत देणे बंधनकारक असून विलंब झाल्यास १५ टक्के व्याजाची तरतूद आहे. सी. रंगराजन समितीने २०१२ मध्ये सुचवलेल्या महसूल वाटणीच्या तत्त्वावर महाराष्ट्राने पुढील वर्षी कायदाही केला. चहाच्या पानासाठी एफआरपीसारखा देशव्यापी तळाचा दर नाही.

मात्र उसाच्या पद्धतीतही एक उणीव आहे, जी चहाने टाळायला हवी. साखर उतारा संपूर्ण कारखान्याचा सरासरी धरला जातो. एखाद्या शेतकऱ्याने वेळेवर लागण करून, ताजा व पक्व ऊस पाठवला तरी त्याचा वेगळा उतारा मोजला जात नाही. मेहनती आणि निष्काळजी शेतकरी यांना एकच दर मिळतो.

दुधाचे तसे नाही. गावच्या संकलन केंद्रावर प्रत्येक उत्पादकाच्या दुधाचा नमुना तपासला जातो, स्निग्धांश आणि स्निग्धांशविरहित घनपदार्थ पाहिले जातात आणि त्यानुसार पावतीवर दर उमटतो. आपल्या दुधाला कमी दर का मिळाला, हे उत्पादकाला त्याच वेळी कळते आणि दुसऱ्या दिवशी तो काही सुधारणा करू शकतो. मापात लबाडी होत नाही असे नाही. पण मोजायचे काय, याबाबत संदिग्धता नसते.

चहाच्या पानाचीही अशी मोजणी शक्य आहे. पोत्यातून मूठभर नमुना घेऊन त्यातील कोवळे कोंब आणि राठ पाने वेगळी करून त्यांचे शेकडा प्रमाण काढण्याची पद्धत चहा उद्योगात जुनी आहे. आता छायाचित्रावरून हे प्रमाण सांगणारी यंत्रेही उपलब्ध आहेत. प्रश्न तंत्राचा नाही. ही मोजणी कारखान्याच्या दारात होते की गावातील संकलन केंद्रावर शेतकऱ्यासमोर, आणि तिचा निकाल पावतीवर येतो की नाही, हा आहे.

दर्जाची जबाबदारी, खर्च कोणाचा

अलीकडच्या वर्षांत दर्जाचा आग्रह वाढला असून त्याचा भार मुख्यतः लहान उत्पादकावर पडत आहे. चहातील कीटकनाशकांच्या अंशाला अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने मर्यादा घातल्या आहेत. कोणती औषधे वापरावीत, यासाठी चहा मंडळाची वनस्पती संरक्षण संहिता आहे. २०२४ मध्ये आसाममधील पान खरेदी करणाऱ्या कारखान्यांनी १ जूनपासून लहान उत्पादकांचे पान न घेण्याचा इशारा दिला होता. अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळल्यास कारवाई कारखान्यावर होते, असे त्यांचे म्हणणे होते. चर्चेनंतर तो पेच सुटला; तथापि, काही दिवस खरेदी थांबण्याच्या नुसत्या शक्यतेने लाखो कुटुंबे किती असुरक्षित आहेत, हे त्यातून दिसले.

त्याच वर्षी चहा मंडळाने उत्तर भारतातील बहुतांश क्षेत्रात ३० नोव्हेंबरनंतर खुडणी बंद करण्याचा आदेश दिला. हिवाळ्यात येणारे निकस पान बाजारात येऊ नये आणि दर सावरावेत, हा त्याचा हेतू. दर्जाच्या दृष्टीने तो योग्य असला तरी शेतकऱ्याच्या हातातील काही आठवड्यांचे उत्पन्न त्याने गेले. नियम पाळण्याचा खर्च शेतकऱ्याने करायचा आणि त्यातून वाढलेली किंमत अन्यत्र जायची, असे होऊ लागले तर नियमाबद्दल आस्था राहत नाही.

दरातील चढउताराची कारणे कित्येकदा शेतापासून फार दूर असतात. भिलाईसाठी यातील एक धागा ओळखीचा आहे. ज्या सोव्हिएत संघाच्या सहकार्याने येथील पोलाद कारखाना उभा राहिला, तोच एकेकाळी भारतीय चहाचा सर्वांत मोठा ग्राहक होता. १९९१ मध्ये तो देश विघटित झाला आणि त्या बाजारावर विसंबलेल्या दक्षिण भारतीय चहाला पुढे मोठा फटका बसला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस निलगिरीत हिरव्या पानाचे दर कोसळले आणि शेतकरी रस्त्यावर उतरले. त्या प्रदेशातील अस्वस्थता अद्याप संपलेली नाही; सप्टेंबर २०२३ मध्ये तेथील उत्पादकांनी किलोमागे ३३ रुपये ५० पैसे एवढ्या किमान दराच्या मागणीसाठी साखळी उपोषण केले होते.

जशपूरमधील प्रयोग

जशपूर हा छोटा नागपूर पठाराशी जोडलेला डोंगराळ, आदिवासीबहुल जिल्हा. उरांव आणि पहाडी कोरवा यांसारख्या समाजांची येथे वस्ती आहे. थंड हवा, उतारावरची निचरा होणारी आम्लधर्मी जमीन यामुळे चहाला ती मानवते. मात्र आसामसारखा वर्षभर विखुरलेला पाऊस नसल्याने उन्हाळ्यात पाण्याची सोय करावी लागते.

या भागात चहाचा पहिला प्रयोग सोगडा येथील आश्रमाच्या परिसरात झाला. त्यानंतर वन विभागाने जशपूरनगरजवळील सारूडीह येथे सुमारे २० एकरांवर मळा उभारला आणि त्याच्या देखभालीत स्थानिक महिलांच्या बचत गटाला सामील करून घेतले. बालाछापर येथे चहा प्रक्रिया केंद्र उभे राहिले. मनोरा विकासखंडातील काही गावांत शेतकऱ्यांच्या जमिनीवरही लागवड झाली. सारूडीहचा मळा आता पर्यटकांच्याही भेटीचे ठिकाण बनला आहे. २०२१ मध्ये राज्याने छत्तीसगढ टी-कॉफी मंडळ स्थापन करण्याचा निर्णय घेतला आणि तीन वर्षांत चहा व कॉफी प्रत्येकी दहा हजार एकरांवर नेण्याचे उद्दिष्ट जाहीर केले.

दहा हजार एकर आणि सारूडीहचे २० एकर यांतील अंतर केवळ आकड्याचे नाही. २० एकरांचे पान जवळच्या एका केंद्रात जाते, मळ्याची व्यवस्था सरकारी आधारावर चालते आणि चहा नावीन्यामुळे खपतो. क्षेत्र वाढले की हजारो शेतकऱ्यांचे पान दर आठवड्याला घ्यावेच लागेल. किशनगंजच्या शेतकऱ्याला निदान शेजारच्या उत्तर बंगालमधील कारखान्यांचा पर्याय असतो. जशपूरच्या आसपास असा कोणताही चहापट्टा नाही; हिरवे पान सिलिगुडीपर्यंत नेणे शक्य नाही. त्यामुळे येथील केंद्र जो दर देईल तोच दर, अशी स्थिती राहील. खरेदीदार सरकारी असो वा खासगी, एकटा असला की दराची पारदर्शकता त्याच्या इच्छेवर सोडता येत नाही.

तेंदूपत्त्याचा धडा

पानाचा दर ठरवण्याचा अनुभव छत्तीसगढकडे नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. विडीसाठी लागणाऱ्या तेंदूपत्त्याची खरेदी येथे वनोपज सहकारी संस्थांमार्फत होते. ५० पानांची एक गड्डी, अशा एक हजार गड्ड्यांची एक प्रमाणित गोणी, हे माप गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गोणीचा दर राज्य सरकार हंगामापूर्वी जाहीर करते. २०२४ मध्ये तो चार हजारांवरून साडेपाच हजार रुपये करण्यात आला. विक्रीत नफा झाल्यास त्याचा वाटा पुढे प्रोत्साहन रकमेच्या रूपाने संग्राहकांना देण्याची पद्धत आहे.

यातील तीन गोष्टी चहाला उपयोगी पडू शकतात : सर्वांना समजणारे माप, हंगामापूर्वी ठाऊक असलेला तळाचा दर आणि विक्रीनंतरचा दुसरा हप्ता. चौथी गोष्ट, म्हणजे दर्जानुसार फरक, चहासाठी नव्याने जोडावी लागेल. कारण तेंदूपत्त्यात गोणी मोजून भागते, चहात पान पाहावे लागते.

अन्य देशांचा अनुभव

श्रीलंकेत चहाचे बहुतांश उत्पादन लहान उत्पादकांकडून होते. तेथे चहा नियंत्रण कायद्याखाली विक्रीच्या रकमेतील ६८ टक्के शेतकऱ्याला आणि ३२ टक्के कारखान्याला, अशी वाटणी रूढ आहे.

केनियात १९६४ मध्ये लहान उत्पादकांसाठी सरकारी प्राधिकरण स्थापन झाले. २००० मध्ये त्याचे रूपांतर खासगी कंपनीत होऊन कारखान्यांची मालकी शेतकऱ्यांकडे भागधारक म्हणून गेली. सहा लाखांच्या आसपास शेतकरी या व्यवस्थेत आहेत. पान दिल्यावर महिन्याला प्राथमिक रक्कम आणि वर्षाअखेर चहाच्या प्रत्यक्ष विक्रीनुसार दुसरा हप्ता, अशी ही रचना आहे. दुसरा हप्ता आपल्याच कारखान्याच्या चहाला मिळालेल्या किमतीवर अवलंबून असल्याने संकलन केंद्रावर राठ पान नाकारण्यात शेतकऱ्यांचाही स्वारस्यभाग राहतो. याच केनियाने २०२१ मध्ये लिलावात किमान राखीव दर लागू केला, तेव्हा त्या दराला ग्राहक न मिळाल्याने मोठा साठा पडून राहिला आणि पुढे तो निर्णय मागे घ्यावा लागला. बाजारात उठाव नसताना केवळ वरून दर बांधल्याने शेतकऱ्याच्या हाती पैसा येत नाही, हा त्याचा अर्थ.

भारतात निलगिरीतील सहकारी चहा कारखाने हे सामूहिक मालकीचे सर्वांत मोठे उदाहरण. १९६५ पासून त्यांचा महासंघ ‘इंडकोसर्व्ह’ कार्यरत असून १६ कारखाने त्याच्या छत्राखाली आहेत. सहकारी कारखाना शेतकऱ्याचा असला तरी जुनी यंत्रे, स्वस्त प्रतीवरचा भर आणि प्रत्यक्ष ग्राहकापर्यंत न पोहोचणे यामुळे दर वाढतोच असे नाही, हेही तेथे दिसून आले. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांच्या वाटचालीशी परिचित असलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

जशपूरपुढील निवड

या साऱ्या अनुभवातून काही बाबी स्पष्ट होतात. पहिली, लागवड आणि प्रक्रिया यांची वाढ बरोबरीने व्हावी; पान पोहोचण्याच्या टप्प्यात लहान प्रक्रिया केंद्र नसेल तेथे रोपे वाटू नयेत. दुसरी, खरेदीचे सूत्र लेखी, स्थानिक भाषेत आणि संकलन केंद्रावर लावलेले असावे. तिसरी, प्रत्येक शेतकऱ्याच्या पानाची प्रत वेगळी नोंदवून त्यानुसार दर द्यावा. चौथी, तयार चहा किती रुपयांना विकला गेला, याचा हिशेब शेतकऱ्यांच्या संस्थेला पाहता यावा आणि दुसरा हप्ता त्यावर ठरावा. पाचवी, पहिल्या तीन-चार वर्षांत उत्पन्न नसताना कुटुंबाचे काय, याचे उत्तर आधी द्यावे. अन्यथा डोंगरउतारावरची कोदो, कुटकी वा रामतिळाची शेती मोडून लावलेले झुडूप कर्जाचे कारण ठरू शकते.

जशपूरचा चहा आसामच्या भुकटी चहाशी स्वस्ताईत स्पर्धा करू शकणार नाही. क्षेत्र लहान, वाहतूक लांबची आणि नाव नवे. त्याला टिकायचे तर प्रतीच्या बळावरच टिकावे लागेल आणि ती प्रत कारखान्यात तयार होत नाही. ती सकाळी पान खुडणाऱ्या बोटांत असते. त्या बोटांना प्रतीचे मोल मिळाले नाही तर उरते ते केवळ वजन.

ग्राहकाची भूमिकाही येथे येते. सेक्टर १० मधील घरात महिन्याला लागणाऱ्या चहात किलोमागे काही रुपये वाढले तर कपामागे पडणारा फरक काही पैशांचा असतो. एक किलो पत्तीत साधारण चारशे कप चहा होतो असे धरले, तर किलोमागे २४ रुपयांची वाढ म्हणजे कपामागे सहा पैसे. वर मांडलेल्या उदाहरणात साडेचार किलो कोवळ्या पानासाठी शेतकऱ्याला मिळायला हवी असलेली जादा रक्कम नेमकी एवढीच, २४ रुपये आहे. सहा पैसे कोणालाही जड नाहीत. ते पाकिटापासून पानापर्यंत पोहोचतील अशी वाट बांधणे हे खरे काम आहे आणि जशपूरमध्ये ती वाट अजून आखायची आहे.

महत्त्वाचे टप्पे

१८६१ : कोलकात्यात चहाच्या सार्वजनिक लिलावास प्रारंभ.

१९५३ : चहा कायदा संमत, पुढील वर्षी चहा मंडळाची स्थापना.

१९६५ : निलगिरीतील सहकारी चहा कारखान्यांचा महासंघ कार्यरत.

१९७८ : आसाममध्ये लहान शेतकऱ्यांच्या चहा लागवडीस प्रोत्साहन.

२००३ : चहा (विपणन) नियंत्रण आदेश, हिरव्या पानासाठी किंमत वाटणीचे तत्त्व.

२०२१ : छत्तीसगढ टी-कॉफी मंडळाची घोषणा.

२०२४ : ‘डस्ट’ चहाची संपूर्ण विक्री लिलावातून करण्याची अट, ३० नोव्हेंबरपासून हिवाळी खुडणीबंदी.